भिंत बांधण्यापूर्वी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

निवृत्तीनंतर एका वाचकाने पत्नीसह वाळवंटाच्या काठावरील एका लहान शहरात घर घेतले. पत्नीला लहानपणापासून दमा आहे आणि दमट हवेत तो बळावतो, म्हणून कोरड्या हवेच्या ठिकाणी राहावे असा वाचकाचा आग्रह होता. घर शरद ऋतूत पाहिले, पसंत केले आणि घेतले. तेव्हा आकाश निरभ्र आणि हवा शांत होती. हिवाळ्यात बाग करण्याच्या विचाराने त्यांनी अंगणातील रानटी झुडपे काढून जमीन सपाट करून घेतली. फेब्रुवारी संपत आला तसा वारा सुरू झाला. आता आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी समोरचा रस्ता दिसेनासा होतो, खिडक्या बंद असूनही घरभर धूळ बसते, पत्नीचा खोकला वाढला आहे आणि रात्री दोघांनाही झोप नाही. शेजारी सांगतात की एक-दोन वर्षांत सवय होईल. पत्नी म्हणतात, घर विकून परत जाऊ. वाचक विचारतात: चारही बाजूंनी उंच भरीव भिंत बांधून आणि सगळ्या फटी बुजवून तग धरावा, की चूक झाली असे मानून घर विकावे?

उत्तर:

तुमच्या पत्राचा मोठा भाग भिंतीविषयी आहे: तिची उंची, तिचा खर्च, ती कोणत्या बाजूने आधी बांधावी. पत्नीचे म्हणणे मात्र एकाच वाक्यात आले आहे. हे दोष दाखवण्यासाठी म्हणत नाही. संकट आले की हाताने करता येईल असे काम शोधणे स्वाभाविक असते, आणि भिंत हे तसे काम आहे. परंतु तुम्ही मांडलेले दोन्ही पर्याय, म्हणजे कोट उभारून राहणे किंवा विकून जाणे, एकाच समजुतीवर उभे आहेत: वारा हे अखंड चालणारे एकच संकट आहे आणि त्याला पूर्णपणे बाहेर ठेवता आले तरच येथे राहता येईल. या समजुतीचे दोन्ही भाग तपासून पाहण्याजोगे आहेत.

प्रथम वाऱ्याचे पाहू. वाळवंटातील वसंतातला वारा मनमानी वाटतो, पण त्यामागे ठरलेली कारणे असतात. या काळात उत्तरेकडची हवा अजून थंड असते आणि दक्षिणेकडील जमीन झपाट्याने तापू लागलेली असते. तापमानातील हा फरक जितका तीव्र, तितके वरच्या थरांतील वारे जोरदार आणि त्यांच्यासोबत सरकणारे कमी दाबाचे पट्टे बलवान. इजिप्तमध्ये मार्च ते मे या काळात वाहणारा खमसीन हा धुळीचा वारा, गोबीतून बीजिंग आणि कोरियापर्यंत जाणारी वसंतातील पिवळी धूळ, न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्सासातील मार्च-एप्रिलचे वारे, या सर्वांच्या तपशिलात फरक असला तरी मोसम जवळपास एकच आहे. थरच्या वाळवंटातील आंधी थोडी उशिरा, एप्रिल ते जून या महिन्यांत, पावसाळ्याआधी येते. शरद ऋतूत घर पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. वर्षातल्या सर्वांत शांत महिन्यांत तुम्ही घर निवडलेत, आणि आता वर्षातल्या सर्वांत अवघड महिन्यांत त्याचा निकाल लावू पाहता आहात.

दिवसाच्या आतही या वाऱ्याला वेळापत्रक असते, आणि माझ्या मते तुमच्या उपयोगाची सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन तळाशी बसते, आणि वरचा जोरदार वारा खाली उतरू शकत नाही. सूर्य चढला की जमीन तापते, हवा उसळू लागते, आणि दुपारपर्यंत ही घुसळण वाळवंटात दोन-तीन किलोमीटर किंवा त्याहूनही उंच पोहोचते. तेव्हा वरच्या वाऱ्याचा वेग खाली जमिनीपर्यंत येतो. म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमारास झुळुका सुरू होतात, दुपारी उशिरा त्यांचा कळस होतो आणि सूर्यास्तानंतर जोर ओसरतो. प्रत्येक दिवस असाच जाईल असे नाही. थंड हवेची लाट मध्यरात्रीही येऊन थडकू शकते. तरीही बहुतेक दिवसांत पहाटेपासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ तुमचा असतो. फिरणे, बाजारहाट, कपडे वाळत घालणे, छपरावरची डागडुजी, घर उघडून हवा खेळवणे ही सगळी कामे त्या वेळात बसवा आणि दुपार घरातल्या कामांसाठी राखून ठेवा. निवृत्त माणसाला हे नोकरदारापेक्षा सोपे आहे. तुमच्या बाजूने असलेली ही एक मोठी गोष्ट तुम्ही पत्रात धरलेलीच नाही.

येथे एक सावधगिरी हवी. आदल्या दिवशी मोठे वादळ झाले असेल, तर रात्रीच्या स्थिर हवेत बारीक धूळ जमिनीलगत अडकून राहते आणि सकाळ शांत असूनही श्वासाला वाईट असते. म्हणून खिडक्या उघडण्यापूर्वी वाऱ्याबरोबरच हवेची गुणवत्ताही पाहा. पीएम 10 आणि पीएम 2.5, म्हणजे हवेतील बारीक व अतिबारीक कणांचे प्रमाण, हे दोन आकडे बहुतेक हवामान ॲपवर दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पीएम 10 चे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला 45 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. धुळीच्या वादळात तेच प्रमाण काही तासांसाठी हजारावरही जाते.

एकाएकी येणाऱ्या वादळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरताना धुळीची उंच भिंत पुढे ढकलत आणते. खार्टूममध्ये आणि फिनिक्समध्ये उन्हाळ्यात दिसणारे हबूब ते हेच. वसंतातल्या लांबलेल्या वाऱ्याचा अंदाज एक-दोन दिवस आधी मिळतो, तर अशा वादळाची सूचना काही मिनिटांचीच असू शकते. क्षितिजावर तपकिरी कडा दिसली की ढगाचे फोटो काढण्याआधी माणसे, पाळीव प्राणी आणि कपडे आत घ्यावेत, हे सांगण्याची गरज नसावी, पण दरवर्षी अनेकजण उलट क्रमाने वागतात.

आता भिंतीकडे वळू. वाऱ्याने जे उडते ते दोन प्रकारचे असते, आणि भिंतीचा उपयोग फक्त एकावर होतो. वाळूचे कण जड असतात. ते उड्या मारत पुढे सरकतात आणि त्यांतील बहुतेक गुडघ्याच्या उंचीखालीच राहतात. पडताना ते जमिनीवर आदळून तिच्यातली बारीक धूळ मोकळी करतात, आणि ही धूळ मात्र तरंगते, किलोमीटरभर उंच जाते, शेकडो किलोमीटर प्रवास करते. तिला अडवील अशी भिंत कोणी बांधू शकत नाही. वाळू अडेल, पण भरीव भिंतीने तीही नीट अडत नाही. वारा भिंतीवर आदळून वरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरा तयार करतो. जे बाहेर ठेवायचे तेच अनेकदा त्या भोवऱ्यात सापडून अंगणात येऊन पडते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, म्हणून उंच भरीव भिंतीचा पाया आणि आधार मजबूत नसेल तर ती स्वतःच धोक्याची ठरते.

याउलट अर्धवट पारगम्य आडोसा, म्हणजे ज्याच्या पृष्ठभागात चाळीस ते पन्नास टक्के मोकळी जागा आहे असे पट्ट्यांचे कुंपण, जाळी किंवा झुडपांची दाट रांग, वाऱ्याला थोडे आत येऊ देते आणि त्याचा जोर मोडते. अशा आडोशाचा उपयोग त्याच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत चांगला जाणवतो. दोन मीटर उंच कुंपण सुमारे वीस मीटरपर्यंत. तो चारही बाजूंनी लागत नाही. वसंतात वारा प्रामुख्याने कोणत्या दिशेने येतो हे काही दिवस पाहून ठेवा आणि त्याच बाजूला, घराला अगदी चिकटवून नव्हे, तर काही अंतर सोडून आडोसा करा, कारण साचणारी वाळू त्याच्या मागेपुढे पडते आणि ती तुमच्या दाराशी पडू नये. झाडे लावायची असतील तर त्या प्रदेशातली, कमी पाण्यावर जगणारी निवडा. बाहेरून आणलेल्या झाडांपैकी काही तेथे आवरता न येणारी होतात. झाऊचे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तसेच झाले आहे. आणि झाडे लावली तर ती उपयोगाची होईपर्यंत काही वर्षे लागतील हेही धरून चाला.

पण मला तुमच्या पत्रातील खरा दुवा भिंतीत नव्हे, तर अंगण सपाट केल्याच्या ओघात आलेल्या उल्लेखात दिसला. वाळवंटाची जमीन उघडी दिसते, पण ती मोकळी नसते. तिच्यावर एक पातळ कवच असते. कुठे मातीचे व क्षारांचे, कुठे सूक्ष्म शैवाले, दगडफूल आणि शेवाळ यांनी मातीचे कण बांधून तयार केलेले. हे कवच शाबूत असते तोवर बऱ्याच वाऱ्यातही जमीन धूळ सोडत नाही. चाकाखाली किंवा फावड्याने ते एकदा मोडले की पुन्हा तयार व्हायला वर्षे, सजीव कवच असेल तर कित्येक दशके लागतात. झुडपेही नुसती अडचण नसतात. प्रत्येक झुडूप जमिनीलगतचा वारा अडवून स्वतःभोवती माती धरून ठेवते. तुम्ही दोन्ही काढलेत. त्यामुळे खिडकीच्या चौकटीवर बसणारी धूळ दूरच्या वाळवंटातून आली आहे असे तुम्हाला वाटत असले, तरी तिच्यातला मोठा वाटा तुमच्याच अंगणाचा असण्याची दाट शक्यता आहे. 14 एप्रिल 1935 रोजी अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात दिवसाढवळ्या अंधार करणारे जे धुळीचे वादळ झाले, त्याच्या मागेही वाऱ्याइतकेच, गवताळ जमीन नांगरून उघडी केल्यानंतर पडलेल्या दुष्काळाचे कारण होते. तुमचे अंगण लहान आहे, पण तत्त्व तेच आहे.

हे सांगताना मला बरेही वाटते, कारण या गोष्टीवर इलाज आहे आणि तो भिंतीपेक्षा स्वस्त आहे. सपाट केलेल्या जमिनीवर खडीचा थर द्या; वारा खडी उचलू शकत नाही आणि तिच्याखालच्या मातीपर्यंत पोहोचत नाही. जिथे खडी नको असेल तिथे जाड लाकडी तुकड्यांपेक्षा दगडच बरे, कारण हलके आच्छादन पहिल्याच मोठ्या वाऱ्यात शेजाऱ्याकडे जाते. चीनमध्ये निंगशिया प्रदेशातील शापोथौ येथे रेल्वेमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून 1950 च्या दशकापासून गवताच्या काड्या जमिनीत अर्ध्या रोवून एक-एक मीटरचे चौकोन आखण्याची पद्धत वापरली गेली. जमिनीलगतचा वारा मंदावला की वाळू जागच्या जागी राहते, एवढेच त्यामागचे साधे गणित. अंगणाच्या वाऱ्याकडच्या कडेला तुम्हीही हे करून पाहू शकता. गाडी उभी करण्याची जागा एकच ठरवा आणि बाकीच्या जमिनीवर चाक फिरू देऊ नका. मोसम संपेपर्यंत बागेचे नवे खोदकाम नको.

घराच्या फटींविषयी तुमचा विचार दिशेने बरोबर, पण टोकाला गेलेला आहे. वारा घराच्या एका बाजूवर दाब देतो आणि विरुद्ध बाजूने हवा ओढून घेतो, म्हणून धूळ फक्त वाऱ्याकडच्या खिडकीतून येते असे नसते. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती दारे-खिडक्यांच्या कडेने, पडद्यांपासून दूर धरून, सावकाश फिरवा. धूर जिथे आत ढकलला जाईल तिथे फट आहे. दारांच्या चौकटींना रबरी पट्टी, दाराच्या तळाशी ब्रश किंवा रबराची पट्टी, भिंतीतून जाणाऱ्या पाइप व तारांच्या भोवती सीलंट, यांनी बरेच काम होते. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या खाचेतील बारीक छिद्रे मात्र बुजवू नका. पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ती ठेवलेली असतात. खाच ओल्या फडक्याने साफ करत राहणे एवढाच तिथला उपाय.

ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही ती म्हणजे एक्झॉस्ट फॅन. सगळ्या खिडक्या घट्ट लावून स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला पंखा चालू ठेवला, तर तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा राहिलेल्या प्रत्येक फटीतून आत ओढली जाते, अर्थात धुळीसह. बाहेर हवा सोडणारे कपडे सुकवण्याचे यंत्रही हेच करते. वादळाच्या तासांत ही सगळी यंत्रे बंद ठेवा. पाण्याच्या कूलरचेही तसेच: तो बाहेरची हवा आत घेऊनच चालतो आणि त्याचे ओले पॅड काही धूळ अडवत असले तरी वादळात ती पुरत नाहीत, म्हणून तेवढा वेळ तो बंद करून बाहेरून झाकावा. आतलीच हवा फिरवणारा एसी चालू ठेवायला हरकत नाही, पण मोसमात त्याची जाळी दर आठवड्याला धुवा. आणि घरात गॅसवर किंवा इतर इंधनावर चालणारा हीटर अथवा गीझर असेल, तर घर हवाबंद करण्याचा विचारच करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म बसवा आणि त्या उपकरणाची हवा येण्या-जाण्याची वाट मोकळी ठेवा.

संपूर्ण घर धूळमुक्त करण्याऐवजी एक खोली तशी करा. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची, कमी खिडक्यांची झोपण्याची खोली निवडा, तिच्या फटी काळजीपूर्वक बंद करा, तिथे खोलीच्या आकाराला पुरेल असा, बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर ठेवा आणि मोसमात तो सतत चालू राहू द्या. ओझोन किंवा आयन सोडणारी यंत्रे दम्याच्या माणसाच्या खोलीत नकोत, कारण ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो. बाहेरचे कपडे आणि चपला त्या खोलीत नेऊ नयेत. बाकीच्या घरात जी थोडी धूळ राहील ती राहू द्या. स्वच्छतेविषयी तुम्ही बरेच लिहिले आहे, पण धूळ दिसणे आणि धूळ श्वासात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि केरसुणीने सकाळ-संध्याकाळ झाडल्याने पहिली कमी होऊन दुसरी वाढते. वादळ संपल्यावर काही तास थांबून ओल्या फडक्याने पुसावे. हे काम पत्नीने करू नये.

आता त्यांच्या दम्याविषयी, कारण तुमचा निर्णय शेवटी यावरच ठरायला हवा. कोरडी हवा दम्याला चांगली ही तुमची समजूत चुकीची नाही, अर्धी आहे. डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीव आणि बुरशी दमट घरात वाढतात. घरातील आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली राहिली की माइट टिकत नाहीत. ज्यांचा दमा या कारणांनी बळावतो त्यांना वाळवंटात खरोखरच बरे वाटू शकते, आणि शरद व हिवाळ्यात पत्नीला बरे वाटले असेल तर त्याचे कारण बहुधा हेच. कूलर रात्रंदिवस चालू असेल तर तो घरातली आर्द्रता वाढवून हा फायदा काही अंशी घालवतो, हेही ध्यानात ठेवा. पण धूळ हे दमा चाळवणारे वेगळे कारण आहे, आणि वसंतात तिच्यासोबत परागकणही येतात. तेव्हा त्यांना नेमका कशाचा त्रास होतो हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. रोजचे नियंत्रणाचे औषध वाऱ्याचा मोसम सुरू होण्याआधीच वाढवावे का, आणि त्रास वाढला तर क्रमाने काय करावे, याची लेखी योजना त्यांच्याकडून मागून घ्या. जोराने बाहेर सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणारे पीक फ्लो मीटर स्वस्त असते. रोज सकाळ-संध्याकाळचा आकडा, त्या दिवसाचा वारा आणि किती वेळा पंप घ्यावा लागला याची नोंद ठेवा. तत्काळ आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर दमा नीट आटोक्यात नाही असे डॉक्टर मानतात. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे किंवा पंपाने आराम न पडणे यापैकी काही झाले तर वादळ ओसरण्याची वाट न पाहता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

बाहेर पडावेच लागले तर एन 95 किंवा एफएफपी 2 प्रकारचा मास्क नाकाशी घट्ट बसवून वापरावा; कापडी रुमाल वाळू थोपवतो, बारीक धूळ नव्हे. मास्कमुळे त्यांना श्वास घेणे जड जात असेल तर आग्रह न धरता डॉक्टरांना विचारावे. डोळ्यांत धूळ गेली तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावी, आणि कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर मोसमभर चष्मा बरा. नाक खारट पाण्याने धुण्याने अनेकांना आराम पडतो, पण त्यासाठी नळाचे पाणी थेट वापरू नये. उकळून थंड केलेले किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच घ्यावे.

‘सवय होईल’ असे शेजारी प्रामाणिकपणेच म्हणत असतील. आवाजाची, आकाशाच्या रंगाची, दारावरच्या थडथडाटाची सवय होते. फुप्फुसांना बारीक धुळीची सवय होत नाही. ज्यांना सवय झाली आहे असे दिसते, त्यांनी बहुतेक वेळा नकळत आपला दिवसच बदललेला असतो. म्हणून त्यांना ‘तुम्हाला त्रास होत नाही का’ असे विचारण्याऐवजी ‘मार्चमध्ये दुपारी तीन वाजता तुम्ही कुठे असता’ असे विचारून पाहा. उत्तरांतून तुम्हाला त्या गावाचे खरे वेळापत्रक कळेल. झोप आणि चिडचिड यांचा उल्लेख तुम्ही संकोचाने केला आहे, त्याची गरज नव्हती. वाऱ्यातील विद्युत्भारित कणांमुळे मन बिघडते असे बरेच जण सांगतात. ते पटण्याजोगे सिद्ध झालेले नाही, पण अखंड आवाज, कोरडा घसा आणि अपुरी झोप एवढे कुणालाही त्रस्त करायला पुरेसे आहे. छपरावरचे सैल पत्रे व फाटकाची खिट्टी बांधून घ्या, झोपण्याच्या खोलीत पंख्याचा एकसारखा आवाज राहू द्या, आणि त्या दिवसांत दुपारी चार वाजता घर विकण्याविषयी बोलू नका.

गाडीविषयी थोडेच, पण महत्त्वाचे. वाऱ्यात गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि एका वेळी एकच दार, घट्ट धरून उघडा. वाऱ्याने मागून ओढलेले दार बिजागरीसह वाकते. काचेवर धूळ असताना वायपर कोरडे फिरवू नका. रस्त्यावर धुळीने पुढचे दिसेनासे झाले तर तेथेच वेग कमी करत रेंगाळू नका. ॲरिझोनातील वाहतूक विभाग चालकांना जे सांगतो ते सर्वत्र लागू पडावे: रस्त्यापासून शक्य तितके दूर, डांबराच्या बाहेर थांबा, सर्व दिवे बंद करा, हॅझार्ड लाइटसुद्धा, हँडब्रेक लावून ब्रेकवरचा पाय काढा आणि पट्टा बांधलेला ठेवा. दिवे बंद करणे विचित्र वाटते, पण मागून येणारा चालक तुमच्या लाल दिव्यालाच रस्ता समजून तुमच्यावर येऊन आदळू शकतो.

राहता राहिला विकण्याचा प्रश्न. तो आज सोडवू नका, पण अनिश्चित काळ पुढेही ढकलू नका. या मोसमाच्या उरलेल्या आठवड्यांत एक खोली, अंगणाची खडी आणि औषधांची योजना एवढे करा, आणि भिंतीच्या कामासाठी कोणाला आगाऊ रक्कम देऊ नका. मोसम संपल्यावर नोंदी घेऊन डॉक्टरांना भेटा आणि पुढच्या वसंतात सगळी तयारी आधीपासून असताना पत्नीची प्रकृती कशी राहते ते पाहा. तोपर्यंत थांबणे डॉक्टरांना सुरक्षित वाटत नसेल, तर नोंदींची वाट न पाहता निघावे. तयारी असूनही पुढच्या वसंतात पंप वारंवार लागत असेल, तर घर कितीही आवडते असले तरी ते त्यांच्यासाठी नाही. आणि या दोन टोकांच्या मधला एक पर्याय तुम्ही विचारात घेतलेला दिसत नाही: वाऱ्याचे सर्वांत वाईट सहा-आठ आठवडे दुसरीकडे, नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या जागेत काढणे. वाळवंटाच्या काठावर राहणारे अनेक निवृत्त लोक उन्हाळ्यात असे करतात. तुम्हाला ते वसंतात करावे लागेल, इतकेच. खर्चाचा हिशेब मांडलात तर भिंतीच्या रकमेत असे किती वसंत निघतात ते कळेल.

शेवटी, पुढचे पत्र तुमच्या पत्नीने लिहावे अशी माझी विनंती आहे. त्यांना परत जायचे आहे ते दम्यामुळे, की त्या गावात ओळखीचे कोणी नाही म्हणून, की निर्णय आपला नव्हता या भावनेतून, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. पहिल्या कारणावर वर लिहिलेले उपाय आहेत. दुसऱ्या दोन कारणांवर त्यांतला एकही चालणार नाही. त्यांना एखाद्या शांत सकाळी हे विचारा, आणि त्या वेळी भिंतीचा नकाशा टेबलावर नसावा.